पुन्हा दारापासून

मिसिसिपीच्या पुलावर गाडी चढली तेव्हा ऑर्लिन सॉसेजबद्दल बोलत होता. क्लोव्हर रिजच्या मेळ्यात सॉसेज आधी बिअरमध्ये उकळतात आणि मग निखाऱ्यावर धरतात. आपल्या गावच्या चर्चमधली मंडळी मात्र ती नुसत्या पाण्यात उकळून लोकांच्या ताटात टाकतात, या अन्यायावर त्याचं मघापासून प्रवचन चाललं होतं. आर्डिस शेजारी बसून विणत होती आणि हूं हूं करत होती. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचं अर्धं बोलणं कानावर पडतं आणि अर्धं वाऱ्यावर जातं. म्हणूनच तो थांबला ते तिच्या आधी लक्षातच आलं नाही.

"आणि पाण्यात उकळलेलं सॉसेज म्हणजे..." एवढंच म्हणून तो थांबला होता.

तिला वाटलं, गरुड दिसला असेल. नदीवर गरुड असतात, आणि उडणारं काही दिसलं की ऑर्लिनचं वाक्य असंच अर्ध्यावर सुटतं. तिने मान वर केली. त्याचे डोळे समोर होते, उघडे होते, पण त्या डोळ्यांत रस्ता नव्हता. झोपेत पोर पांघरुणाची कड चोळतं तसा त्याचा अंगठा स्टिअरिंगवर गोल गोल फिरत होता. वेग बटणावर बांधून ठेवलेला, म्हणून पिकअप आपली धावत होती. मागे ट्रेलरवर पंख मिटून बसलेलं पिवळं विमान होतं. आणि हे सगळं हळूहळू, अगदी सावकाश, उजव्या कठड्याकडे सरकत होतं.

"ऑर्लिन."

काही नाही.

तिने सुया मांडीवर टाकल्या आणि हात लांबवून चाक धरलं. तोंडात प्रार्थना आपोआप सुरू झाली. लहानपणी गारांच्या वादळात तळघरात बसवून आई म्हणायला लावायची तीच, आकाशातल्या बापाची. तिने ती म्हटली नाही. ती तिच्यातून वाहत गेली. कठडा दूर झाला. समोरून एक मोठा ट्रक आला आणि गेला. प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची ओळ आली, आणि शेजारून आवाज आला,

"...ओला मोजा. ओला मोजा चावल्यासारखं लागतं. अगं, काय करतेस? हात काढ!"

तिने हात काढला.

"वारा होता," ती म्हणाली. "ट्रेलर हलला."

"वारा? त्या झेंड्याकडे बघ, मेल्यासारखा लोंबतोय. चाळीस वर्षं ट्रॅक्टर ओढले मी, आता तू मला गाडी शिकवणार?" तो हसला, आणि सॉसेजकडे परत वळला.

मागच्या सीटवर त्यांची मुलगी कार्ना काचेला डोकं टेकून झोपली होती. तिची मुलगी ब्रिटा, तेरा वर्षांची, कानांत गाणी घालून मान खाली घालून बसली होती. दोघींनी काही पाहिलं नव्हतं. पुलावर जे झालं ते जगात एकट्या आर्डिसला ठाऊक होतं.

तिने सुया परत हातात घेतल्या. ओळ कुठे सोडली होती ते सापडेना.

असं एकदा आधी झालं होतं, ईस्टरच्या जेवणाला. ऑर्लिनच्या हातात बटाट्याचा चमचा होता, आणि तो चमचा हवेत तसाच राहिला होता. तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती की म्हातारा माणूस, चिखलातून पेरणी केलीय, थकलाय. आता समजूत घालायला जागा उरली नव्हती. आणि पुढच्या दोन दिवसांत ऑर्लिन ब्रिटाला घेऊन आकाशात जाणार होता.

त्या विमानाची गोष्ट ब्रिटाच्याच एका बोटापासून सुरू झाली होती. पोर दोन वर्षांची असताना तो तिला खांद्यावर घेऊन याच क्लोव्हर रिजच्या मेळ्यात फिरत होता. लोकांनी आपापल्या गोठ्यांत, गॅरेजांत बांधलेली विमानं गवतावर रांगेने उभी होती. ब्रिटाने एका पिवळ्या विमानाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "माझं." बस्स. त्याच संध्याकाळी ऑर्लिनने तसंच विमान बांधायच्या नकाशांची गुंडाळी विकत घेतली, आणि मग अकरा वर्षं आर्डिसचा नवरा जेवायला हाक मारली की गोंदाच्या हातांनी यायचा.

तीही त्यातून सुटली नव्हती. पंखावर कापड चढवलं की ते आतल्या लाकडी फासळ्यांना शिवावं लागतं. हातभर लांब सुई, मेण लावलेला दोरा; पंख उभा करायचा, एका बाजूला एकाने बसायचं, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने, आणि सुई आरपार द्यायची-घ्यायची. एक अख्खा हिवाळा ती दोघं अशी बसली होती. एकमेकांची तोंडं दिसत नसत. सुईचं टोक कापडातून बाहेर आलं की समजायचं, पलीकडे माणूस आहे. म्हणून विमानाची तिला मुळीच भीती नव्हती. ते तिने स्वतः शिवलं होतं. भीती पलीकडच्या माणसाची होती.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा तिने प्रयत्न केला.

"आता थोडं कार्ना चालवेल. तू मागे पाय पसर."

"कार्ना? ट्रेलर? माझं मढं याच ट्रेलरवर घातलं की मग कार्नाने चालवावं."

"बाबा, मी ऐकतेय," कार्ना म्हणाली.

"ऐक, ऐक. गेल्या वर्षी माझ्या गवताच्या गाडीची काय गत केलीस ते अजून खांबाला विचार."

ब्रिटा हसली. कार्नाही हसली, आणि आर्डिसच्या घशाशी आलेले शब्द मागे गेले. कार्नाचा संसार त्या वसंतात मोडला होता. महिनोन्महिने तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

"बरं, घरी गेल्यावर एकदा डॉक्टरला दाखवून ये," आर्डिस हळूच म्हणाली. "नुसतं दाखवायला."

ऑर्लिनने नळी पेट्रोलच्या पंपावर ठेवली आणि बायकोकडे असं पाहिलं, जसं तिने विमान भंगारात घालायला सांगितलं असावं. "डॉक्टर कशाला? मला काय झालंय?"

घरी विमानं बांधून उडवणाऱ्या या लोकांत डॉक्टर हा शब्द जपून काढतात. असल्या हलक्या विमानाला डॉक्टरचा दाखला लागत नाही. गाडीचा परवाना खिशात असला आणि उडवणाऱ्याने रोज सकाळी मनाशी 'मी धड आहे' म्हटलं की झालं. सगळा कारभार माणसाच्या इमानावर. पण एकदा का डॉक्टरच्या कागदावर काही उमटलं, की पंख गेले आणि परवानाही गेला. म्हणून छातीत कळ आली तरी ही माणसं ती ढेकरात काढतात. कितीतरी मित्रांना पुरून आल्यावरही ती हीच गोष्ट विनोद म्हणून सांगतात: डॉक्टरकडे गेलास की विमान गेलं.

तेव्हा आर्डिसपुढे पेच असा होता. बोलावं, तर नवऱ्याचं अकरा वर्षांचं विमान, त्याची गाडी, शेतावरचं त्याचं हिंडणंफिरणं, सगळं एका वाक्याने जाणार. आणि ते वाक्य परत घेता येणार नाही. न बोलावं, तर ब्रिटा त्याच्या शेजारी बसणार. वर कठडा नसतो, आणि चाकावर हात ठेवायला आर्डिसही नसणार.

चार जण बसले आहेत आणि तिने ऑर्लिनचं म्हणणं खोडून काढलं, असं कधी झालं नव्हतं. तो तिचा स्वभाव नव्हता.

मेळ्याच्या मैदानावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. कापलेल्या गवताचा वास, रांगेत उभी विमानं, प्रत्येकाच्या पंखाखाली तंबू. वेंडेल क्राऊस खुर्चीतून उठला. ऑर्लिनने ज्या नकाशांवरून पिवळं बांधलं त्याच नकाशांवरून वेंडेलने आधीच एक निळं बांधलं होतं, आणि ही गोष्ट तो दरवर्षी सांगे.

"काय रे, विमान ओढत आणलंस?" वेंडेल लांबूनच ओरडला. "विमानाने तुला आणायचं असतं, तू विमानाला नाही! चालत यायचास त्यापेक्षा."

"खानदान मावत नाही रे त्यात. तुझं बरंय, तुझ्यासोबत कोणी यायला तयार नसतं."

"अगं आर्डिस, या माणसाला अजून घटस्फोट दिला नाहीस?" म्हणता म्हणता त्याला कार्ना दिसली आणि त्याचं तोंड पडलं. "म्हणजे... मला तसं..."

"असू द्या, वेंडेलकाका," कार्ना म्हणाली. "निदान तुम्ही तोंडावर बोललात."

त्यांनी विमान उतरवून पंख उघडले. हे काम दोघांचं. पंखाचं टोक आर्डिसने धरायचं आणि चालत चालत अर्धवर्तुळात पुढे न्यायचं, ऑर्लिनने बुडाशी खीळ बसवायची. "अजून. अजून. थांब!" तो म्हणाला. खीळ खट् करून बसली. ब्रिटाने पिवळ्या कापडावर गाल टेकला. या वर्षीपर्यंत तिला त्यात बसता आलं नव्हतं. घरी बांधलेलं विमान आधी ठरलेले तास एकट्याने उडवून दाखवावं लागतं, मगच शेजारी कोणाला बसवता येतं. ते तास ऑर्लिनने मे महिन्यात पुरे केले होते. पहिली बैठक ब्रिटाची, आणि ती इथेच, जिथे तिने बोट दाखवलं होतं तिथे. असं ठरलेलं होतं.

शनिवारी सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं.

उडण्याआधी विमानाभोवती तपासणीची फेरी घालतात. डाव्या दारापासून सुरुवात करायची, एकेक बिजागरी, एकेक खीळ, तेल, इंधन हाताने बघत पूर्ण वळसा घालून पुन्हा दाराशी यायचं. सगळेच घालतात, पण ऑर्लिनची फेरी, तो मेळ्यात मित्रांची विमानं उडवायचा तेव्हापासून, त्या मैदानावर प्रसिद्ध होती. फेरी चालू असताना कोणी बोललं, तर तो हातातलं सोडून पुन्हा दारापासून सुरू करी. ओळखीच्या एकाने गप्पांच्या भरात तेलाचं झाकण उघडं ठेवलं होतं आणि त्याला मक्याच्या शेतात उतरावं लागलं होतं. तेव्हापासून ऑर्लिनचा हा नियम. फेरीत माणूस अडला की फेरी मोडली. आर्डिस त्या वेळी नेहमी घडीच्या खुर्चीवर गप्प बसून राही. इतक्या वर्षांत तिने एकदाही फेरी मोडली नव्हती.

ब्रिटा दाराशी उभी होती, नवे बूट घालून. ऑर्लिन शेपटीला वळसा घालून उजव्या पंखापाशी आला, पुढे प्रोपेलरशी आला.

"ऑर्लिन," आर्डिस म्हणाली, "थर्मास कुठे ठेवलास?"

तो थबकला. आजूबाजूच्या खुर्च्यांवरून खसखस पिकली.

"गाडीत," तो म्हणाला, आणि दाराशी परत गेला.

दुसऱ्यांदा तो पुन्हा प्रोपेलरशी आला तेव्हा तिने विचारलं, कार्नाला सकाळी पॅनकेक मिळाले का. वेंडेलला हसू आवरेना. "आर्डिस, आता याला दुपारपर्यंत प्रदक्षिणाच घालायला लाव! गवत तेवढंच दाबलं जाईल."

"आई, काय चाललंय तुझं?" कार्ना पुटपुटली.

तिसऱ्यांदा तिने विचारलं, पाऊस येईल का. आकाशात कापसाएवढा ढग नव्हता. ऑर्लिनने तिच्याकडे वळून पाहिलं. तो हसत नव्हता. तरीही तो दाराशी परत गेला, कारण नियम त्याचा होता आणि तो नियमाचा होता. चौथी फेरी पुरी होता होता मैदानाच्या टोकाची वाऱ्याची पिशवी फुगली आणि आडवी झाली. दुपारच्या आडव्या वाऱ्यात एवढंसं विमान कोणी शहाणा काढत नाही. ऑर्लिनने दार लावलं.

ब्रिटा खुर्चीपाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता.

"आजी, तू मुद्दाम केलंस. तुला भीती वाटते म्हणून."

"हो," आर्डिस म्हणाली.

"मग तू नको ना येऊस! तुला कोण म्हणालं? आजोबाने माझ्यासाठी बांधलंय ते!"

आर्डिसकडे उत्तर होतं. ते पोरीच्या पदरात टाकण्याजोगं नव्हतं.

संध्याकाळी मोठ्या हँगरमध्ये जेवणं झाली. बिअरमध्ये उकळलेली सॉसेज आली. ऑर्लिनने एक घेतलं आणि अर्धं ठेवलं. कार्ना रुबार्बच्या आंबटगोड वड्यांचं ताट फिरवत होती, कोणाशी तरी खळखळून बोलत होती. आर्डिस उठून तिच्यापाशी गेली. "कार्ना, जरा बाहेर ये, तुझ्याशी बोलायचंय." कार्नाने आईचा दंड दाबला. "कळतंय गं मला, तू घाबरलीयस. पण बाबाकडे बघ. तो या दिवसाची किती वाट बघतोय. त्याच्याकडून हे नको हिरावून घेऊस, आई." आणि ताट घेऊन ती पुढे गेली. दार उघडायच्या आधीच लागलं, तसं झालं. आर्डिस परत येऊन बसली. दार पुन्हा ठोठावता आलं असतं. तिने ठोठावलं नाही.

तंबूकडे परतताना ऑर्लिन म्हणाला, "उद्या उजाडताच जाऊ. तेव्हा वारा पडलेला असतो." आणि थोडं चालून, तिच्याकडे न बघता, "तू तंबूतच थांब, आर्डिस. खुर्ची नको मांडूस."

इतक्या वर्षांत तो तिला 'येऊ नकोस' असं कधी म्हणाला नव्हता.

आर्डिसचा एक नेम होता, लग्नाआधीपासूनचा. सकाळी धर्मपुस्तकातला पाठ वाचल्याशिवाय कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. दिवसाचा पहिला शब्द देवाचा, मग आपला. बाळंतपणातसुद्धा तिने तो मोडला नव्हता. सुईण म्हणे, बाई, ओरड तरी. घरच्यांना सवय होती. सकाळी कॉफीचा कप तिच्यापुढे मुकाट्याने ठेवला जाई.

रविवारी तिला जाग आली तेव्हा शेजारचं अंथरूण थंड होतं. तंबूच्या कापडातून उजेड झिरपत होता. बाहेर गवतावर पावलांचा आवाज, एक दार उघडल्याचा आवाज, ब्रिटाचा दबका आनंदी आवाज. उशाशी पुस्तक होतं. तिने ते उचललं, खूण घातलेलं पान उघडलं. अक्षरं दिसत होती. पाठ मोठा होता. पाठ संपेपर्यंत फेरी संपणार होती.

 मग तिने पुस्तक मिटलं, त्यावर तळहात ठेवला, आणि गाऊनवरच कोट चढवून अनवाणी बाहेर आली.

दव होतं. ब्रिटा आत बसली होती, पट्टा बांधून, दार वर उघडं. ऑर्लिन शेपटीपाशी होता. त्याने आर्डिसला पाहिलं, पण फेरी थांबवली नाही. उजवा पंख. खीळ. पंखाच्या टोकावरून त्याने हात फिरवला. पुढची कड. तेल. तो प्रोपेलरशी आला, आणि तिथे त्याने मान वर केली. तिने फेरी मोडली नव्हती. तो दाराशी आला, फेरी पुरी झाली.

"विचार," तो म्हणाला. "थर्मास कुठे आहे ते विचार. आज कशासाठी अडतेस?"

"शुक्रवारी पुलावर तू नव्हतास, ऑर्लिन."

दिवसाचे तिचे पहिले शब्द हे होते.

"वारा होता म्हणालीस."

"खोटं बोलले. वारा नव्हता. तुझे डोळे उघडे होते आणि तू नव्हतास. चाक मी धरलं."

 त्याने विचारलं, "किती वेळ?"

"भाकरीच्या ओळीपर्यंत."

त्याचाही बाप्तिस्मा त्याच चर्चमधला. सांगावं लागलं नाही. त्याचे ओठ हलले. तो मनात ती प्रार्थना म्हणत होता, पहिल्या शब्दापासून, आणि त्याबरोबर पूल, कठडा, ट्रक जुळवत असावा. ओठ थांबले. त्याने शर्टाच्या बाहीने दारावरचं दव पुसलं, तेवढाच भाग पुन्हा पुन्हा.

"ईस्टरलाही?" तो म्हणाला.

"तुला माहीत आहे ते?"

"चमचा गार झाला होता." त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे सरकावं लागलं. "रेडिओवर गाणं चालू असतं, आणि एकदम बातम्या असतात. मधलं काही नसतं. हिवाळ्यापासून आहे. मला वाटलं, मला एकट्यालाच कळलंय."

आर्डिसला वाटलं होतं, सांगितलं की मनावरचा दगड उतरेल. उतरला नाही, त्या जागी दुसरं काहीतरी पेटलं. तिला हा अनुभवच नवा होता.

"तुला माहीत होतं? आणि तरी तू हिला आत बसवलंस?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला तो चढवता येत नसे. तरी शेजारच्या तंबूतून वेंडेल बाहेर आला आणि तिथेच थांबला. मागून कार्नाही, अंगाला चादर लपेटून.

"प्रत्येक वेळी वाटायचं, ही शेवटची," ऑर्लिन म्हणाला. "वाटायचं, एवढं एकदा होऊ दे. हिला एकदा वर नेऊन आणलं, की मग मीच..." वाक्य तिथे राहिलं. आर्डिसने पटकन त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डोळ्यांत तो होता. यापुढे त्याचं प्रत्येक अर्धं वाक्य ती असंच तपासणार होती, आणि हे त्या दोघांना एकाच वेळी कळलं.

"आजोबा?" ब्रिटा आतून म्हणाली. तिने सगळं ऐकलं होतं. 

ऑर्लिन दारातून आत वाकला. "बाळ, आजोबाला आज नेता येणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. आजी बरोबर होती. काल तू तिला जे बोललीस ते मला बोलायला हवं होतंस."

"मग मी उतरते," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला नाही जायचं मग."

"उतरू नकोस." तो ताठ झाला, आणि वेंडेलकडे वळला. ज्या माणसाला तो दरवर्षी 'तुझं निळं कबुतर' म्हणून चिडवत आला होता त्याच्याकडे. "वेंडेल. माझं उडवशील? हिला घेऊन एक चक्कर?"

वेंडेलच्या तोंडात नेहमी काहीतरी तयार असायचं. आज नव्हतं. त्याने कार्नाकडे पाहिलं. कार्नाने एक हात तोंडावर धरून मानेनेच होकार दिला. मग तो पुढे आला, बाह्या सारल्या, आणि डाव्या दाराच्या पहिल्या बिजागरीवर बोट ठेवलं.

"मी आत्ताच घातली फेरी," ऑर्लिन म्हणाला.

"तुझी तू घातलीस," वेंडेल हळू म्हणाला. "मी उडवणार, तर माझी मला घालायला हवी ना रे. पुन्हा दारापासून."

ऑर्लिनने मान डोलवली. हेच तो आयुष्यभर लोकांना शिकवत आला होता.

मग तो बाजूला उभा राहिला आणि दुसरा माणूस त्याच्या विमानाभोवती फिरला. बिजागरी, खीळ, शेपटी. फेरी संपेपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. आर्डिसने खुर्ची आणून मांडली, आणि तिच्यावर ऑर्लिन बसला. ती खुर्ची आजवर तिची होती.

इंजिन सुरू झालं तेव्हा त्याने डोळे मिटले.

"सांग," तो म्हणाला.

"चाललंय. गवतावर धावतंय. शेपटी उचलली." तिने हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "चाकं सुटली."

"आपलं डावीकडे ओढतं, त्याला कळणार नाही. त्याच्या निळ्याला ती खोड नाही."

"सरळ चाललाय."

"हं," ऑर्लिन म्हणाला. थोडी निराशा होती त्यात.

तो पिवळा ठिपका मक्याच्या शेतांवरून वळला, टेकडीमागे गेला, परत आला. उतरल्यावर ब्रिटा उडी मारून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा आतून दिवा लावल्यासारखा उजळला होता. ती ओरडत धावत सुटली, आणि खुर्चीवरच्या आजोबांकडे नजर जाताच थबकली. तिने ते हसू आवरून घेतलं, घाईघाईने, पाहुण्यांसमोर पसारा आवरावा तसं. आर्डिसने ते पाहिलं. ऑर्लिननेही.

"काय बघितलंस वरून?" त्याने विचारलं.

"काही विशेष नाही," पोर म्हणाली.

हँगरमध्ये रविवारची प्रार्थना सुरू झाली होती. गाण्याचे सूर इकडे येत होते. आर्डिसला जायचं होतं. ती गेली नाही. तंबूत जाऊन तिने राहिलेला पाठ वाचला, दिवस अर्धा बोलून झाल्यावर. आणि तो पाठ तिला दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा वाटला. तिने क्षमा मागितली. कशाची मागावी हे मात्र तिला नीट ठरवता आलं नाही, नेम मोडल्याची, की शुक्रवारीच न मोडल्याची.

मग त्यांनी पंख मिटले. "टोक धर," ऑर्लिन म्हणाला. तिने धरलं. त्याने खीळ काढली, आणि ती अर्धवर्तुळात मागे चालत गेली, तिने स्वतः शिवलेला पंख हातात घेऊन. आजूबाजूला लोक उडत होते, उतरत होते. कोणी येऊन काही विचारलं नाही. सांगावं लागत नाही अशा गोष्टी त्या मैदानावर फार लवकर पसरतात.

पिकअपची किल्ली त्याने कार्नाच्या हातात दिली. "वळताना आरशात बघ. ट्रेलर तुझ्या मागून येत नाही, आतून कापत येतो. ऐकतेस ना?"

"ऐकतेय, बाबा."

"मंगळवारी डॉक्टरकडे जाऊ," आर्डिस म्हणाली. त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तो मागे ब्रिटाशेजारी बसला. थोड्या वेळाने ब्रिटाने एका कानातलं गाणं काढून त्याच्या कानात घातलं. 

नदी आली. पुलावर गाडी चढली तेव्हा कार्नाने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं. आर्डिसच्या तोंडात प्रार्थना आपोआप सुरू झाली. तिने सावलीसाठी लावलेली झडप खाली केली आणि तिच्या छोट्या आरशातून मागे पाहिलं. ऑर्लिन खिडकीबाहेर नदीकडे बघत होता. चेहरा शांत. हालचाल नाही. अंगठा मांडीवर. त्याच्या कानात कुठलंसं गाणं चाललं होतं आणि ते त्याला ऐकू येतंय की नाही, हे आरशातून कळत नव्हतं.

भाकरीची ओळ आली. तिचे ओठ तिथेच थांबले.

"मी आहे," मागून तो म्हणाला, नदीवरची नजर न काढता. "पुढे म्हण."